टर्बोच्या गाडीचे ऑइल कुठून गळते?

सकाळी गाडी बाहेर काढली, की खाली जमिनीवर काळा डाग दिसतो. बोट लावून पाहावे तर ऑइल. मग प्रश्न पडतो, हे आले कुठून?

भोर आणि वेल्हे भागात हा प्रश्न पुष्कळांना पडतो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण जुने नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.) इकडे दूध, भात, भाजी, सिमेंट, लग्नाचे वऱ्हाड, सारे पिकअपमधून जाते. रस्ते चढ-उताराचे. भोरहून महाडला जायचे तर वरंधा घाट. वाईला जायचे तर मांढरदेवीचा घाट. वेल्ह्याहून पानशेतकडे जायचे तर पाबे घाट. चढावर सारा भार इंजिनावर येतो. तेव्हाच ऑइल कमी पडले तर इंजिन जाम होते. मग गाडी घाटात, दूध गाडीत, आणि खर्च मालकाच्या डोक्यावर.

म्हणून "थोडंसं गळतंय, चालतंय" असे म्हणू नये. मिनिटाला एकच थेंब पडला तरी दिवसाला १,४४० थेंब होतात. पण घाईही करू नये. ऑइल दिसले, की "टर्बो गेला" असे लगेच म्हणतात. नवा टर्बो घ्यायला हजारो रुपये लागतात. आणि दोष टर्बोचा नसला, तर नवा टर्बोही तसाच ओला होतो.

टर्बो म्हणजे काय, ते आधी पाहू.

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला आहे. भात्याने वारा घातला, की भट्टी फुलते. इंजिनाचेही तसेच आहे. जास्त हवा मिळाली, की जास्त डिझेल नीट जळते आणि जास्त जोर मिळतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. त्यात एका दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी नावाच्या इंजिनिअरने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. मुंबईत पूर्वी जीपगाड्या जोडत, त्या जुन्या जीपांना टर्बो नव्हता. विहिरीवरच्या साध्या पंपाच्या इंजिनालाही तो नसतो. आजच्या डिझेल पिकअपला मात्र बहुतेक असतोच.

हा दांडा किती जोरात फिरतो? मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे! आणि धुराकडची बाजू शेकडो अंश तापलेली. असा दांडा धातूवर धातू घासून एक क्षण टिकणार नाही. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल इंजिनातूनच येते. वरून एक बारीक नळी दाबाने ऑइल आणते. खालून एक जाड नळी ते परत चेंबरमध्ये सोडते. येणारी नळी बारीक, जाणारी जाड. असे का? येताना ऑइलला मागून पंपाचा रेटा असतो. जाताना रेटा नसतो. फेसाळलेले ऑइल आपल्याच वजनाने खाली उतरते. ही जाड नळी लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता गळतीकडे वळू.

आपल्याकडचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. कौलारू घर गळते तेव्हा पाणी चुलीपाशी पडते, पण फुटलेले कौल चुलीच्या वर असतेच असे नाही. पाणी वाशावरून ओघळत लांबवर येते आणि मग टपकते. ऑइलही असेच फसवते. ते वरून निघते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते आणि चेंबरच्या टोकाशी येऊन टपकते. जिथे थेंब पडतो तिथे गळती शोधू नका. अगदी वरची ओली जागा शोधा.

समजा, वेल्ह्याच्या बाजूचा एक तरुण ड्रायव्हर म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आला आहे.

"काका, टर्बो गेलाय. नवा टाका."

"कुणी सांगितलं?"

"खाली समदं ऑइल झालंय. टर्बोपण ओला हाय."

"गाडी धुतली का?"

"धुवून काय व्हायचंय?"

"बाबा, समदं अंगच ओलं असल्यावर घाम कुठून आला ते कसं कळायचं? आधी पुसू, मग बघू."

मिस्त्रीचे बोलणे खरे आहे. शोधाचे अर्धे काम पुसण्यात आहे. इंजिन पुरते थंड होऊ द्या. गरम इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल लावू नका, पेट घेईल. डायनामो आणि वायरींचे जोड प्लॅस्टिकने झाका. मग ब्रशने ऑइलचा राप काढा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. ही घाण ओढ्याकाठी धुऊ नये. इथले ओढे भाटघर, गुंजवणी, पानशेत अशा धरणांना मिळतात. ते पाणी पुढे माणसे पितात. घाण डब्यात धरावी.

इंजिन कोरडे झाले, की संशयाच्या जागी तोंडाला लावायची पावडर भुरभुरा. मग गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून आणा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळी रेघ उठते. रेघेचे वरचे टोक म्हणजे गळतीची जागा. डोके शिरत नाही तिथे दाढीचा छोटा आरसा धरावा. इंजिन चालू असताना मात्र हात, पदर, उपरण्याचे टोक पंख्यापासून लांब ठेवा. गाडीखाली शिरायचे तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली भक्कम घोडी हवीच.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि पुढचे चाक कुठे होते त्याची खूण करा. सकाळी रंग पाहा. काळे, बुळबुळीत असेल तर इंजिनाचे ऑइल. हिरवे किंवा गुलाबी पाणी रेडिएटरचे. उग्र वासाचे, दाट ऑइल बहुधा गिअरचे. एसीचे साधे पाणी असेल तर काळजी नको.

टर्बोच्या आसपास ऑइल सापडले, तर वरून खाली जात पाहावे. सर्वांत वर टॅपेट कव्हर. त्याचे पॅकिंग कडक झाले, की ऑइल ओघळून नेमके टर्बोवर येते आणि दोष टर्बोला लागतो. मग वरची बारीक नळी. तिच्या बोल्टखाली तांब्याचे वायसर असतात. बोल्ट खोलला, की वायसर नवे घालावेत. जुनेच घातले तर पाझर लागतो. हे वायसर थोड्या पैशांत मिळतात.

आता ती जाड नळी. ती चेमटली, आत काजळी धरली, किंवा पॅकिंगला जास्त लावलेले सिलिकॉन आत जाऊन भोक बुजले, तर ऑइल उतरत नाही. टर्बोत ते तुंबते. टर्बोच्या आतल्या सीलना रबर नसते. पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची कडी असते. तुंबलेले ऑइल ती रोखू शकत नाही. ते दोन्ही पंख्यांकडे जाते. मोरी तुंबल्यावर पाणी घरात शिरते, तसेच हे. मोरी साफ करायची, की घर बदलायचे?

दुसरी चुकवू नये अशी जागा म्हणजे ब्रीदर पाइप. हा इंजिनाचा श्वास. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला हा पाइप. तो बुजला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर चेंबरमध्ये दाब साठतो. तो दाब जागोजाग पॅकिंग आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो आणि टर्बोचे ऑइलही उतरू देत नाही. पारख सोपी आहे. इंजिन हळू चालू ठेवा. ऑइल घालायचे झाकण सैल करून त्याच जागी नुसते ठेवा. थोडी थरथर होणारच. पण झाकण नाचू लागले किंवा उडाले, तर दाब फार आहे असे समजा. तोंड जवळ नेऊ नका, गरम ऑइल उडते.

एअर फिल्टरही पाहा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची धूळ त्यात बसते. हवा मिळेना, की टर्बोचा पंखा ऑइलच ओढू लागतो. फिल्टर बदलला, की काही वेळा 'गेलेला' टर्बो बरा होतो.

हवेच्या रबरी पाइपात ऑइलचा थोडा ओशटपणा दिसला तर घाबरू नये. ब्रीदरची वाफ तिथे येते. पाइपातून ऑइल ओतले जात असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

मग टर्बो खराब होतच नाही काय? होतो. थंड इंजिनाचा हवेचा पाइप काढून पंख्याचा दांडा बोटाने हलवून पाहावा. आडवा किंचित हलतो, कारण ऑइलच्या थराला जागा हवी. पण पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, किंवा पंख्याची पाती भिंतीला घासत असतील, तर टर्बो गेला. चालवताना शिटीसारखा नवा आवाज आणि निळा धूर, हीही चिन्हे आहेत. अशी गाडी घाटात नेऊ नये. ऑइल तापलेल्या टर्बोवर पडले तर आग लागू शकते. आणखी एक विलक्षण धोका आहे. टर्बोतून फार ऑइल आत गेले, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच धावू लागते. चावी बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन बंद पडते. तेही जमले नाही, तर सगळ्यांना उतरवून लांब न्या. हवेच्या तोंडावर हात कधी ठेवू नका.

टर्बोचे आयुष्य ड्रायव्हरच्याही हाती आहे. घाट चढून आल्याबरोबर चहासाठी चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटे इंजिन हळू चालू द्या. एकदम बंद केले, की ऑइलचा पुरवठा थांबतो, तापलेल्या दांड्यापाशी उरलेले ऑइल करपते आणि काजळी धरते. दुधाचे पातेले खाली लागते, तसेच. हीच काजळी पुढे नळ्या बुजवते.

समोर तेलाच्या कुपीचे लाल चित्र पेटले, की गाडी ताबडतोब बंद करा. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचे सांगतो. ऑइल थोडे कमी झाल्याचे सांगत नाही. त्यासाठी काडीच पाहावी लागते, आणि तीही सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. आपल्या भागात सपाट जागा शोधणे हेच मोठे काम! देवळापुढचे पटांगण किंवा शाळेचे मैदान त्याला बरे.

गाडीत एक वही ठेवा. तिच्यात तारीख, किलोमीटर, काडीवर ऑइल कुठे होते आणि वरून किती घातले, हे चार रकाने लिहा. दुरुस्तीनंतर पुन्हा पुठ्ठा अंथरा. पुठ्ठा कोरडा आणि काडी दोन खुणांच्या मध्ये, असे आठवडाभर दिसले, तर गळती सापडली. पुठ्ठा कोरडा, पण वहीत ऑइल उतरतच असेल, तर ते बाहेर गळत नाही, आत जळते आहे. मग वही घेऊन मिस्त्रीकडे जा. "कधीपासून? किती?" असे तो विचारील. त्याचे उत्तर वहीत असेल.