निवेदनात आधी काय लिहायचं?

ताईंनो, नालासोपारा पूर्वेच्या एका गटाने रस्त्यावरच्या दिव्यांसाठी लिहिलेलं निवेदन मला वाचायला दिलं. दोन पानं भरून. सुरुवात गटाच्या स्थापनेपासून, मग गटारं, पाणी, भटकी कुत्री, आणि दिवे अगदी शेवटच्या ओळीत! साहेब तिथपर्यंत वाचणार कधी?

मागणी पहिल्याच वाक्यात लिहा. कुठला रस्ता, किती खांबांवरचे दिवे बंद, कधीपासून. गटारांचं निवेदन वेगळं देऊ.

मग कारण. बोलताना सात सुचतात, कागदावर दोन-तीन पुरे, आणि सगळ्यात भक्कम ते आधी. "फार त्रास होतो" असं सगळेच लिहितात. "आमच्या गटातल्या अकरा जणी रात्री दहानंतर स्टेशनवरून याच अंधारातून चालत येतात" हे लिहिलं की चित्र उभं राहतं.

आता खरी अडचण. समोरून उत्तर येणार, "तुमची वस्ती अनधिकृत आहे." गटातल्या ताई म्हणाल्या, ते आपण कशाला काढायचं? पण त्यांना ते माहीतच आहे. आपण गप्प राहिलो तर त्याच एका वाक्यावर कागद परत येतो. म्हणून आपणच लिहायचं: "घरांचा प्रश्न वेगळा आहे. आम्ही दिवा रस्त्यासाठी मागतो. इथून शाळेची मुलं, रिक्षा, शेजारच्या सोसायट्यांतले लोकही जातात. खांब उभे आहेत, फक्त दिवे लावायचे आहेत." घरपट्टी भरत असाल तर पावतीची झेरॉक्स जोडा.

ही युक्ती माझी नाही हं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांनाच नावं ठेवली जात होती. ताराबाईंनी आरोप टाळले नाहीत. बायकांवरचा एकेक आरोप समोर घेतला आणि विचारलं, हा दोष पुरुषांत कमी आहे का? उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही.

त्या गटाचं निवेदन आता एका पानाचं झालंय. सह्या झाल्या की दोन प्रती घेऊन जायचं, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.