बी. फार्म.ची मुलं काय मागतायत, आणि मागायचं कुणाकडे?

"सर, निवेदनातलं मराठी तेवढं तपासून द्या," असं म्हणत आमच्या शाळेतले दोन माजी विद्यार्थी एका रविवारी घरी आले. एक मुलगा, एक मुलगी. दोघंही आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्याच एका फार्मसी कॉलेजात बी. फार्म.च्या चौथ्या वर्षाला आहेत. दीड पानांच्या कागदावर अकरा मागण्या होत्या. पहिली, "अभ्यासक्रम कालबाह्य झाला असून तो तातडीने बदलण्यात यावा." शेवटची, "कृत्रिम बुद्धिमत्तेचा समावेश करण्यात यावा." मधे परीक्षेचं वेळापत्रक, प्लेसमेंट, वायफाय.

ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारलं. मग विचारलं, "कालबाह्य म्हणजे नेमका कुठला पेपर?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "सर, मी चौथ्या वर्षाला आहे आणि आजपर्यंत एकाही पेशंटच्या हातात औषध दिलेलं नाही. वर्षभरात मला फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळेल."

हे निवेदनात कुठंय, मी विचारलं. नव्हतं.

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, बारावीनंतर सीईटी देऊन फार्मसीला जाणारी मुलं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात उणं काय आहे आणि ते भरून निघायचं तर कुठलं दार वाजवायला हवं, हे समजून घ्यायला मला स्वतःला बरेच दिवस लागले. जे समजलं ते इथे मांडतो.

आधी हे लक्षात घ्या, की बी. फार्म.चा अभ्यासक्रम कॉलेज ठरवत नाही आणि विद्यापीठही ठरवत नाही. आपल्या शहरातली काही कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी, तर काही लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. पण पेपर दोन्हीकडे जवळपास तेच असतात. कारण १९४८ च्या फार्मसी कायद्याने शिक्षणाचे नियम करण्याचा अधिकार दिल्लीच्या भारतीय फार्मसी परिषदेला, म्हणजे मुलं ज्याला 'पीसीआय' म्हणतात तिला दिलेला आहे. परिषदेने २०१४ साली बी. फार्म.चे नियम केले आणि त्यावर आधारलेला आठ सेमिस्टरांचा अभ्यासक्रम २०१७ पासून देशभर लागू झाला. आज मुलांच्या हातात जी पुस्तकं आहेत ती त्याच अभ्यासक्रमाची.

आता तो उघडून बघू. ऑरगॅनिक केमिस्ट्री तीन सेमिस्टर आहे. मेडिसिनल केमिस्ट्री तीन सेमिस्टर. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं ते शास्त्र, तेही तीन सेमिस्टर. हे सगळं हवंच. पण चिठ्ठी वाचून औषध देणं, दोन औषधं एकमेकांना मारक तर नाहीत ना ते बघणं, रुग्णाला समजावणं, दवाखान्यातला औषधसाठा सांभाळणं, हे ज्या विषयात येतं तो 'फार्मसी प्रॅक्टिस' थेट सातव्या सेमिस्टरला आहे. पेपर क्रमांक बीपी ७०३ टी. त्यातला 'टी' म्हणजे थिअरी. या विषयाला प्रात्यक्षिक नाही! पोहायचा पेपर आहे, पण विहीर नाही.

बाहेरच्या प्रशिक्षणाचंही तसंच. सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरच्या मधे चार आठवड्यांत मिळून १५० तासांचं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. ते कारखान्यात, प्रयोगशाळेत, रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये, कुठेही चालतं. पण नियमात त्याच्या मथळ्यातच 'डिझायरेबल' असा शब्द आहे. इष्ट. म्हणजे झालं तर बरं. सातव्या सेमिस्टरला 'प्रॅक्टिस स्कूल' नावाचे आणखी १५० तास आहेत, ते मात्र सक्तीचे. त्याचा विषय-विभाग कॉलेज ठरवतं, म्हणजे तो फार्मसी प्रॅक्टिसचा असेलच असं नाही.

याच्या शेजारी डी. फार्म. ठेवा. दोन वर्षांची पदविका. तिला १९९१ च्या नियमांपासून ५०० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषधं देण्यात गेले पाहिजेत, असं त्या नियमांत लिहिलेलं होतं. २०२० च्या नव्या नियमांतही ५०० तास कायम आहेत. म्हणजे दोन वर्षं शिकलेला मुलगा नोंदणीआधी काउंटरच्या मागे उभा राहिलेला असतो, आणि चार वर्षं शिकलेली मुलगी उभी न राहताही त्याच रजिस्टरमध्ये नाव नोंदवू शकते. दोघांच्याही सहीवर मेडिकल चालतं. हा फरक मी त्या दोघांना दाखवला तेव्हा मुलगा म्हणाला, "सर, मग आम्ही डिप्लोमावाल्यांना कमी का समजतो?" चांगला प्रश्न आहे. उत्तर तुम्हीच द्या.

काउंटरचे तास एवढे महत्त्वाचे का, तर एक उदाहरण घेऊ. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे. संधिवाताला आणि सोरायसिसला देतात, पण आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, आणि चुकून रोज घेतल्यामुळे जगभरात माणसं दगावलेली आहेत. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं लिहिलेलं असतं, पण घरी जाऊन गोळ्या खाणाऱ्या आजीला "रोज एक" खायची सवय असते. तिला "आजी, ही फक्त रविवारी, बाकी दिवस हात लावायचा नाही," असं सांगून, तिच्याकडून ते परत म्हणवून घेणारा शेवटचा माणूस काउंटरवरचा असतो. फार्माकॉलॉजीच्या पेपरात मेथोट्रेक्सेटवर उत्तर लिहिता येणं वेगळं, आणि हे वाक्य गर्दीच्या वेळी न चुकता म्हणणं वेगळं.

किंवा दम्याचा पंप घ्या. तो हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत घेता घेता दाबायचा, दहा सेकंद दम धरायचा. स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची. घाटीच्या बाहेरच्या रांगेतल्या किती मेडिकलांत हे करून दाखवतात, तुम्हीच बघा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहून ठेवलं आहे. कायदा ते काम सांगतो, आणि अभ्यासक्रम त्याचा एक तासही सराव देत नाही.

मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे मला पहिल्या सेमिस्टरच्या 'कम्युनिकेशन स्किल्स' या पेपराचं कुतूहल होतं. त्याला प्रात्यक्षिक आहे! पण काय आहे त्यात? इंग्रजी स्वर-व्यंजनांचे उच्चार, मुलाखत कशी द्यावी, ई-मेल कसा लिहावा, सादरीकरण कसं करावं. नोकरीला उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण आपल्या शहरात काउंटरसमोर मराठी येते, दखनी येते, हिंदी येते, तांड्यावरून आलेल्या बाईची गोरमाटी येते. "जेवणाआधी" म्हणजे किती आधी, "दिवसातून तीनदा" म्हणजे कधी कधी, हे त्या त्या भाषेत कसं सांगायचं, याचा एकही तास नाही.

दुसऱ्या सेमिस्टरचा संगणकाचा पेपर तर मुलांनी मला हसत हसतच दाखवला. एमएस अॅक्सेसमध्ये रुग्णांच्या माहितीचा तक्ता करा, स्वतःची ओळख सांगणारं एचटीएमएल पान तयार करा. ही प्रात्यक्षिकं. मुलं ते मोबाइलवर शोधून उतरवतात. 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणा' ही अकरावी मागणी इथूनच जन्मलेली. मला ती सगळ्यात कमकुवत वाटते, कारण नव्या नावाचा पेपर आणला तरी तो पाच-सात वर्षांत असाच जुना होणार.

जुनं होणं हा मात्र खरा मुद्दा आहे, आणि त्याची दोन ठसठशीत उदाहरणं आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं, की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसं लेबलवर छापावं. त्याच महिन्याच्या अखेरीस कारखान्यांसाठीचं 'शेड्यूल एम' नव्याने लिहिलं गेलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे औषधांचे कारखाने असलेल्या आपल्या गावाला तर हे घरचंच प्रकरण. वॉखार्टच्या वाळूज आणि चिकलठाणा इथल्या कारखान्यांच्या मालाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली आपल्याकडे यायला मज्जाव केला, तेव्हा कामाच्या नोंदींवरचे आक्षेप त्यामागे होते. नियम बदलला की वर्गातली टिपणं त्याच वर्षी बदलली पाहिजेत. २०१७ ची पुस्तकं ते करू शकत नाहीत, पण शिक्षक करू शकतो. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

औषधाचा दुष्परिणाम झाला तर कळवायचं कसं, हे शिकवणारा 'फार्माकोव्हिजिलन्स' आठव्या सेमिस्टरला आहे खरा, पण ऐच्छिक. निवडला तर शिकला. दुष्परिणाम कळवायला देशभरासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. त्या दोघांना तो माहीत नव्हता. मलाही आधी माहीत नव्हता, पण मला फार्मासिस्ट व्हायचं नाही.

हे असं का झालं? कुणी दुष्टपणाने केलेलं नाही. आपल्याकडे फार्मसीची पदवी जन्मली तीच रसायनाच्या कुशीत. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात हे शिक्षण सुरू केलं, तेव्हा देशाला औषधं बनवणारी आणि तपासणारी माणसं हवी होती. दुकान सांभाळायला पदविकावाले, कारखान्याला पदवीवाले, अशी वाटणी मनात पक्की झाली. पुढे २००८ मध्ये सहा वर्षांचा 'फार्म. डी.' आला आणि रुग्णालयातलं शिक्षण त्याच्याकडे गेलं. त्याला ३०० खाटांच्या रुग्णालयाची अट आहे. बी. फार्म. मधल्या मधे राहिलं. पण पदवी घेतलेली सगळी मुलं कारखान्यात जात नाहीत. गल्लीगल्लीत जी मेडिकलं उघडतायत, त्यातल्या कितीतरी पाट्यांवर बी. फार्म. लिहिलेलं दिसतं.

आता दार कुठलं? मुलांनी निवेदन प्राचार्यांच्या नावे लिहिलं होतं. प्राचार्य म्हणणार, विद्यापीठाकडे जा. विद्यापीठाचं अभ्यास मंडळ म्हणणार, आमच्या हातात नाही. आणि दोघंही खरंच बोलत असतील. फार्मसी कायद्याचं कलम १० वाचा. परिषदेने नियमांचा किंवा दुरुस्तीचा मसुदा केला, की तो प्रत्येक राज्य सरकारला पाठवावा लागतो. तीन महिन्यांत राज्याने कळवलेलं म्हणणं विचारात घेऊनच तो केंद्राच्या मंजुरीला जातो. शिवाय परिषदेवर प्रत्येक राज्याचा एक निवडून गेलेला आणि एक राज्य सरकारने नेमलेला फार्मासिस्ट सदस्य असतो. म्हणजे मोठ्या बदलाची वाट मुंबईवरून दिल्लीला जाते, प्राचार्यांच्या केबिनवरून नाही.

पण त्याच कलमात एक शब्द आहे, जो मुलांच्या फार कामाचा आहे. परिषद शिक्षणाचा 'किमान' दर्जा ठरवते. किमान, कमाल नव्हे. जे 'इष्ट' आहे ते कॉलेजने स्वतःहून सक्तीचं केलं तर कुठला नियम मोडतो? प्रॅक्टिस स्कूलचे १५० तास फार्मसी प्रॅक्टिसला द्यायचं कॉलेजने ठरवलं तर कोण अडवणार? हे प्राचार्यांकडे मागता येतं, आणि याच वर्षी मागता येतं.

इथे मी त्यांना एक अवघड प्रश्न विचारला, आणि तुम्हीही तुमच्या विद्यार्थ्यांना विचारा: वाढवायचं तर कमी काय करायचं? आठवडा तेवढाच आहे. मुलगा म्हणाला, संगणकाची प्रात्यक्षिकं. मुलगी म्हणाली, ऑरगॅनिकचं एक सेमिस्टर. त्यावर दोघांचं चांगलंच वाजलं, कारण मुलाला पुढे एम. फार्म. करून संशोधनात जायचंय आणि त्याला ऑरगॅनिक हवंय. भांडण मला आवडलं. शेवटी ऑरगॅनिकला हात लावायचा नाही असं ठरलं. प्रशिक्षण उन्हाळ्यात होणार, त्याला वर्गाचे तास जात नाहीत.

पालकहो, प्रवेशाच्या वेळी आपण इमारत बघतो, फी विचारतो, पॅकेज विचारतो. त्याबरोबर एवढं विचारा: सहाव्या सेमिस्टरनंतर मुलं कुठे जातात, कुठल्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, आणि गेल्या वर्षीच्या मुलांच्या प्रशिक्षणाच्या नोंदवह्या बघायला मिळतील का. पैसे देऊन सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणून देणारेही असतात, त्यामुळे वही बघाच.

त्या दोघांचं निवेदन आता दोन कागदांचं झालं आहे. पहिला प्राचार्यांना, मागण्या तीन: १५० तासांचं प्रशिक्षण आमच्या कॉलेजपुरतं सक्तीचं करावं आणि त्यातले निम्मे तास काउंटरवर असावेत, प्रॅक्टिस स्कूलमध्ये फार्मसी प्रॅक्टिसचा विभाग ठेवावा, दर सेमिस्टरला एक तास बदललेल्या नियमांसाठी राखावा. दुसरा राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाला आणि परिषदेला, मागणी एकच: बीपी ७०३ ला प्रात्यक्षिक जोडावं. वायफाय काढून टाकलं. मुलाने जाता जाता ते परत घालून बघितलं, मुलीने परत खोडलं.