टॅब घ्यावा की लॅपटॉप?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीत हा प्रश्न घरोघरी निघतो. पोरगी कॉलेजात जाणार, तिला काहीतरी घेऊन दिले पाहिजे. घरात पैसा एकदाच जमतो. कुणाची भिशी लागते, कुणी पतपेढीतून कर्ज उचलतो. त्यामुळे वस्तू चुकली की पुढची दोन वर्षे निभावून न्यावे लागते.

आमच्या चाळीतील एक भाऊ खाजगी कंपनीत वॉचमन आहेत. मुलीने अकरावी कॉमर्सला प्रवेश घेतला, तेव्हा त्यांनी हप्त्यावर टॅब आणला. "जयभीम भाऊ, बघा बरं, कसा आहे?" म्हणून संध्याकाळी दाखवायलाही आले. पडदा मोठा, चित्र स्वच्छ, वजन हलके. आम्हीही "झकास आहे" म्हणून मोकळे झालो. पोरगी त्याचे काय करणार, हे आम्ही विचारलेच नाही. आम्ही स्वतः बी. कॉम., आयुष्य कारकुनीत गेलेले, म्हणून ही चूक आम्हांस अधिक लागते.

बारावीनंतर मुलगी टॅलीच्या क्लासला जाऊ लागली. घरी सराव करावा म्हणून टॅब उघडला, तर टॅली त्यावर बसेना. बसणार कशी? टॅली विंडोजवर चालते आणि हा टॅब अँड्रॉइडचा, म्हणजे तिच्या आईच्या हातातल्या मोबाईलचाच थोरला भाऊ. "काका, आता काय करू?" असे तिने विचारले तेव्हा आम्हांस मान वर करवेना.

टॅब वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. पाचवी-सातवीच्या मुलाला धड्याचे व्हिडिओ पाहायचे असतील किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलाला पीडीएफ पुस्तके वाचायची असतील, तर टॅबच बरा. चार्जिंग बराच वेळ टिकते आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो मांडीवर मावतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा चार-पाच इंचांच्या मोबाईलवर डोळे फोडून शिकलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. त्यांना टॅब मिळता तर मोठा आधार झाला असता. पण लिहायचे, हिशेब मांडायचे, एक्सेलचे तक्ते करायचे, टायपिंगचा हात बसवायचा, तर लॅपटॉपच लागतो. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे प्रमाणपत्र मागतात. तो वेग काचेवर बोटे आपटून येत नाही. टॅबला वेगळा कीबोर्ड जोडता येतो हे खरे, पण टॅली तरीही त्यावर बसत नाही.

नवा लॅपटॉप परवडत नाही, म्हणून आपली माणसे जुना घेतात. त्यात कमीपणा नाही, फक्त डोळे उघडे ठेवावेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच यंत्रांवर रीतसर चालते. प्रोसेसरच्या नावात 'आय-५' पुढचा आकडा पाहावा. ६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. दुकानदार 'आय-५ आहे' एवढेच मोठ्याने सांगतो, पुढचा आकडा सांगत नाही. रॅम ८ जीबी असावी. डिस्क जुन्या फिरत्या चकतीची नको, एसएसडी हवी, नाहीतर यंत्र सुरू होईपर्यंत चहा होतो. चार्जर काढून अर्धा तास दुकानातच चालवून पाहावे आणि पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हप्त्याचेही सांगतो. 'शून्य टक्के व्याज' ही पाटी पाहून भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी असतेच, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीची सूट नाकारण्यात. रोखीने केवढ्याला आणि हप्त्याने एकूण केवढ्याला, हे दोन आकडे कागदावर लिहून मागा. लिहून देताना दुकानदाराचा आवाज आपोआप खाली येतो.

सॉफ्टवेअरसाठी मात्र खिसा रिकामा करण्याची गरज नाही. लिबरऑफिस फुकट मिळते आणि त्यात पत्र, तक्ता, सगळे होते. टॅलीचीही शिकण्यासाठी फुकट सोय आहे. तीत महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, पण हात बसायला तेवढे पुरते.

मागच्या महिन्यात आम्ही स्वतः भाऊंबरोबर बाजारात गेलो. चार दुकाने फिरून आठव्या पिढीचा एक जुना लॅपटॉप पाहिला, आकडे तपासले, पावती घेतली. मुलगी आता रात्री जेवणे आटोपल्यावर ओट्याशेजारी बसून व्हाउचर भरते. टॅब आजीकडे गेला आहे. त्यावर ती भीमगीते ऐकते आणि आवाज मोठा ठेवते म्हणून नातीशी तिचे भांडण होते. त्या टॅबचे चार हप्ते अजून बाकी आहेत.