अन्नमार्गातील पाण्याचा हिशेब

लखनौजवळच्या दिलकुशा येथील छावणीत २४ नोव्हेंबर १८५७ रोजी सर हेन्री हॅवलॉक हा इंग्रज सेनापती मरण पावला. दोनच महिन्यांपूर्वी, २५ सप्टेंबरला, तो लढत लढत रेसिडेन्सीत शिरला होता. अनेक युद्धांतून वाचलेल्या या मनुष्याचा बळी आमांशाने घेतला. आमांश हा मुख्यतः मोठ्या आतड्याचा रोग. मलाचे कोठार, एवढीच या आतड्याची ओळख आपण ठेवतो. त्याची खरी योग्यता जाणण्यासाठी मात्र प्रवास मुखापासूनच सुरू केला पाहिजे.

याच शहराच्या चौकात गलौटी कबाब मिळतो. खिम्याला कच्च्या पपईचे वाटण लावून तो इतका मऊ करतात की दातांना काम उरू नये. पपईच्या चिकात प्रथिने तोडणारे पपेन नावाचे विकर असते; तेव्हा जठराचे थोडे काम आचारीच आधी उरकून ठेवतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. सोबतच्या पराठ्यातील पिष्टावर लाळेची क्रिया तोंडातच सुरू होते. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास काही सेकंदांत जठरात उतरतो. तेथे आम्ल व पेप्सिन यांत घुसळला जाऊन त्याचा पातळ लगदा बनतो.

पचनाचे सारे श्रेय लोक जठराला देतात, ते योग्य नव्हे. मुख्य कार्य घडते ते सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात. स्वादुपिंडाचा रस तेथे प्रथिने, पिष्ट व स्निग्ध पदार्थ यांचे विघटन करतो. यकृतातून येणारे पित्त तुपातेलाचे सूक्ष्म थेंब करते. आणि आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे असंख्य अंकुर तयार झालेले सत्त्व शोषून घेतात.

आता पाण्याचा हिशेब पाहा. खाण्यापिण्यातून दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी आत जाते. लाळ, जठररस, पित्त इत्यादींच्या रूपाने शरीर स्वतःचेच आणखी सुमारे सात लिटर पाणी त्यात ओतते. या नऊ लिटरांपैकी बहुतेक पाणी लहान आतडे परत घेते. उरलेले लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात येते. बाहेर पडते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर.

आमांशात मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात, रक्त व आव पडू लागते आणि पाणी परत घेण्याचे काम बिघडते. पटकीत प्रकार निराळा. तिच्या जंतूंचे विष लहान आतड्याच्या अस्तराला पाणी ओतावयास लावते. हे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशांवरील प्रयोगांनी दाखविले. सुदैवाने साखर व मीठ एकत्र शोषण्याची यंत्रणा तेव्हाही शाबूत राहते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात येते. याच तत्त्वावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले.

घरी हे पेय करावयाचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे आणि घोटघोट पाजावे. मलात रक्त दिसल्यास मात्र पेय चालू ठेवून रुग्णास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.