मोकळ्या मैदानाचा जमाखर्च

बहुतेक गावांत वेशीजवळ किंवा शाळेलगत थोडी मोकळी जागा असते. पहाटे तरुण तेथे व्यायाम करतात, दुपारी गुरे झाडाखाली विसावतात, सायंकाळी मुलांचा खेळ रंगतो. आठवड्यातून एकदा तेथे बाजार भरतो आणि वर्षातून एकदा जत्रेच्या कुस्त्यांचा फड लागतो. तथापि ग्रामसभेत त्या जागेचा विषय निघाला, की “जागा पडीक आहे, तिचे उत्पन्न काय?” हा प्रश्न हमखास पुढे येतो. शेताचे उत्पन्न पोत्यांत मोजता येते, दुकानगाळ्याचे भाडे पावतीवर दिसते; मैदानावरच्या खेळाची पावती मात्र कोणी फाडीत नाही. ज्या गोष्टीचा हिशेब लिहिला जात नाही, तिची किंमत शून्य आहे असा समज होण्यास वेळ लागत नाही, आणि अशा समजुतीपोटीच अनेक मैदाने एकेक गुंठ्याने नाहीशी झाली आहेत.

सार्वजनिक मैदान व उद्यान ही गावाची मत्ता होय. तिचे उत्पन्न एकाच खिशात न जाता शंभर घरांत थोडेथोडे वाटले जाते, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही, एवढेच. हे उत्पन्न मोजण्याचे प्रयत्न जगात पूर्वीच झालेले आहेत. त्यांची माहिती ग्रामीण शिक्षकांस उपयोगी पडेल.

बर्कनहेडचा अनुभव

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावर बर्कनहेड हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात गोदी व कारखाने यांमुळे तेथील वस्ती झपाट्याने वाढली. तेव्हा तेथील नगर-प्रशासनाने सार्वजनिक पैशातून सर्वांसाठी उद्यान उभारण्याचे ठरविले. घेतलेली जमीन सुमारे २२६ एकर, व तीही बरीचशी दलदलीची होती. त्यांपैकी सुमारे १२५ एकरांवर जोसेफ पॅक्स्टन या उद्यानतज्ज्ञाच्या आराखड्यानुसार उद्यान करण्यात आले. तळी खणताना निघालेली माती टेकड्या रचण्यास वापरली गेली. १८४७ साली उद्यान लोकांस खुले झाले.

पैशाची व्यवस्था कशी केली, हा यातील महत्त्वाचा भाग. उद्यानाभोवतालची उरलेली जमीन घरांसाठी भूखंड पाडून विकण्यात आली. दलदलीशेजारी घर बांधण्यास कोणी फारसे उत्सुक नसते. उद्यानाशेजारी मात्र अनेकांस राहावेसे वाटते. या विक्रीतून उद्यानाचा खर्च भरून निघाला आणि उद्यान लोकांचेच राहिले.

न्यूयॉर्कची नोंदवही

१८५० साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा तरुण अमेरिकन शेतकरी बर्कनहेडला आला. श्रीमंत व गरीब एकाच हिरवळीवर सारख्याच हक्काने वावरत आहेत, हे पाहून तो प्रभावित झाला. पुढे १८५८ मध्ये त्याने व कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुशिल्पज्ञाने मिळून सादर केलेला आराखडा न्यूयॉर्क शहराच्या ‘सेंट्रल पार्क’ या उद्यानासाठी स्वीकारला गेला. आज या उद्यानाचे क्षेत्र ८४३ एकर आहे.

एवढी मोलाची जमीन झाडांना आणि पायवाटांना देणे हा अपव्यय आहे, अशी टीका त्या वेळीही झाली. ओल्मस्टेडने तिला आकड्यांनी उत्तर दिले. उद्यानालगतच्या मिळकतींच्या मूल्याची त्याने १८५६ ते १८७३ अशी १७ वर्षे नोंद ठेवली. उद्यानावर झालेला खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर होता. त्याच काळात लगतच्या मिळकतींचे मूल्य सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरने वाढले. मिळकतीचे मूल्य वाढले की नगराचा करही वाढतो. न्यूयॉर्क शहर त्या काळी एरवीही वाढत होते, त्यामुळे ही सारी वाढ उद्यानाच्याच खाती टाकणे योग्य होणार नाही. परंतु मोकळ्या जागेचे उत्पन्न वही घेऊन बसल्यास मोजता येते, हा धडा त्या नोंदींनी घालून दिला.

बोस्टनमधील वाळूचा ढीग

मोठी उद्याने मोठ्या नगरांस शक्य होतात. लहान प्रयत्नाचे उदाहरण बोस्टन शहरात सापडते. मारी झाक्शेव्स्का या महिला डॉक्टर बर्लिनला गेल्या असता तेथील उद्यानांत मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले त्यांनी पाहिले व तसे बोस्टनला कळविले. त्यावरून १८८५ साली तेथील एका महिला-पुढाकाराच्या संस्थेने दाट वस्तीतील एका प्रार्थनामंदिराच्या आवारात वाळूचा ढीग टाकला. परिसरातील मुले तेथे खेळू लागली व बायका त्यांच्यावर लक्ष ठेवू लागल्या. अमेरिकेतील बालक्रीडांगणांच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः या ढिगापासून मानला जातो. खर्च म्हणावा तर वाळू. पण तिच्यासोबत मुलांकडे आस्थेने पाहणारी प्रौढ माणसे होती, म्हणून ते क्रीडांगण ठरले.

आरोग्याची बचत

मैदानाच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग ‘न झालेला खर्च’ या रूपाने मिळतो. मुंबईने हे मोठी किंमत देऊन ओळखले. १८९६ साली तेथे प्लेगची साथ आली; तिचा जोर कोंदट, दाटीच्या वस्त्यांत विशेष होता. तेव्हा १८९८ मध्ये नगर-सुधारणेसाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला व दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढण्यात आले. मुंबई महापालिकेने दादर भागात १९२५ साली खुले केलेले मैदान १९२७ पासून ‘शिवाजी पार्क’ या नावाने ओळखले जाते. क्रिकेट, मल्लखांब, वृद्धांचे फिरणे आणि मोठ्या सभा या सर्वांस ते एकच मैदान पुरले आहे.

डोळ्यांच्या आरोग्याचाही मोकळ्या जागेशी संबंध आहे. जी मुले दिवसाचा पुरेसा वेळ घराबाहेरील उजेडात घालवितात, त्यांच्यात लघुदृष्टीचा दोष उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळते. तैवानमध्ये हा दोष विद्यार्थ्यांत फार वाढल्यामुळे २०१० पासून शाळांनी मुलांस रोज १२० मिनिटे बाहेर काढावे, असा उपक्रम सुरू झाला. त्यानंतर अनेक वर्षे चढत असलेले प्रमाण उतरू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक होईल अशी हालचाल केली पाहिजे. ज्या घरी मुलाच्या चष्म्याचा खर्चही जड जातो, त्या घरास मैदान ही मोठीच बचत आहे.

गावाचा जमाखर्च

आता हाच हिशेब गावास लावून पाहावा. बाजाराच्या दिवशी मैदानावर भाजीवाली, कुंभार, दोरखंड विकणारा, चहावाला असे कितीतरी जण बसतात. त्यांच्यापाशी दुकानासाठी भांडवल नसते. मोकळी जागा हेच त्यांचे दुकान. शेतकऱ्याचा माल तेथे थेट विकला जातो आणि ग्रामपंचायतीस बाजारकर मिळतो. जत्रेत परगावची माणसे येतात व त्यांचा पैसा गावात फिरतो.

खेळास तर फारच थोडी जागा लागते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे सव्वा गुंठ्याहून किंचित अधिक. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे सुमारे सव्वाचार गुंठे. दोन्ही खेळांना महागडे साहित्य लागत नाही. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. गावच्या तांबड्या मातीचे उत्पन्न किती दूरवर पोहोचते, हे त्यावरून कळावे.

याखेरीज एक जमा आकड्यांत बसत नाही. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसे मैदानावर शेजारी शेजारी उभी राहतात. ज्या मुलांनी एका संघात खेळून हार व जीत दोन्ही वाटून घेतल्या, त्यांची मोठेपणीची भांडणे मिटविणे सोपे जाते.

खर्चाची बाजू

प्रामाणिक जमाखर्चात नावेची बाजूही लिहावी लागते. सेंट्रल पार्कसाठी सुमारे १६०० लोकांना आपली घरे सोडावी लागली. त्यांत कृष्णवर्णीयांनी १८२५ पासून स्वकष्टाने वसविलेली सेनेका व्हिलेज ही वस्तीही होती. १८५७ मध्ये ती उठविण्यात आली. सर्वांसाठी म्हणून केलेल्या उद्यानाचा भार दुबळ्यांवरच पडला, आणि वाढलेल्या किमतींचा लाभ मात्र लगतच्या मालकांना झाला.

गावातही असे घडू शकते. मैदान ‘सुशोभित’ करण्याच्या उत्साहात कुंपण घालून कुलूप लावले, तर मेंढपाळ व भाजीवाली बाहेर राहतात. कुलूप नसले तरी मैदान केवळ मोठ्या मुलांच्या ताब्यात गेले, तर मुली व लहान मुले बाहेर राहतात. जे सर्वांना वापरता येत नाही, ते सार्वजनिक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

शिक्षकांचे कार्य

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेस क्रीडांगण असणे आवश्यक मानले आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. कायद्याचे पाठबळ आहे. उणीव आहे ती गावाच्या जाणिवेची, आणि ती भरून काढण्यास शिक्षकाइतका योग्य माणूस गावात दुसरा नाही. त्यासाठी पुढील उपक्रम सुचविण्यात येत आहेत.

१. पाचवीपासून पुढच्या मुलामुलींच्या जोड्या करून प्रत्येक जोडीस मैदानावर एकेक तास नेमून द्यावा. कोण आले, किती जण आले व कशासाठी आले, याची त्यांनी नोंद करावी. एक नोंद साध्या दिवशी व एक बाजाराच्या दिवशी घ्यावी. विक्रेते खुशीने सांगतील तेवढीच विक्रीची माहिती विचारावी. बेरीज, सरासरी व आलेख यांचे पाठ याच नोंदींवर घेता येतील.

२. मैदानाची लांबी-रुंदी फितीने मोजून क्षेत्रफळ काढावे व ते गुंठ्यांत मांडावे. सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ते ताडून पाहावे. तफावत आढळल्यास मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. मुलांना मात्र वादात पुढे करू नये.

३. मुलींसाठी मैदानावर रोजची निश्चित वेळ ठेवावी व त्या वेळी शिक्षकांनी जातीने हजर राहावे.

४. पावसाळ्याच्या आरंभी कडुनिंब, करंज, वड अशी झाडे मैदानाच्या कडेने, विशेषतः पश्चिमेस लावावीत, म्हणजे तिसऱ्या प्रहरी सावली मैदानावर येईल. मधला भाग खेळासाठी मोकळा सोडावा. प्रत्येक रोप दोन मुलांच्या नावे करून द्यावे.

५. वर्षअखेर मुलांच्या नोंदींचा एक मोठा तक्ता करून तो ग्रामसभेच्या दिवशी चावडीच्या भिंतीवर लावावा.

“मैदानाचे उत्पन्न काय?” हा प्रश्न त्या सभेत पुन्हा विचारला जाईलच. त्या वेळी शिक्षकांनी भाषण करण्याची आवश्यकता नाही. तक्ता तयार करणाऱ्या मुलांपैकी एकाने उठून तो वाचून दाखवावा. बाजारात बसलेल्या आपल्या आईचा, झाडाखाली विसावलेल्या आजोबांचा आणि आपल्या धाकट्या भावंडाचा आकडा त्या तक्त्यात आहे, हे ऐकल्यावर ती जागा पडीक आहे असे म्हणणे गावातील कोणासही कठीण जाईल.