धुलाईचे पाणी आणि आपला धंदा

२०१८ साली उल्हासनगरातील जीन्स धुलाईचे कारखाने प्रदूषणाच्या कारणावरून बंद झाले. आपल्या धंद्याची नाडी पाण्यात आहे, हे तेव्हा आम्हा कापड व्यापाऱ्यांना नीट कळले. धुलाईला दिलेला माझा माल अडकला, ठरलेली तारीख हुकली. माझे नुकसान पुढे भरून निघाले. रोजंदारीवरच्या धुलाई कामगाराची मात्र चूलच थंडावली.

जीन्सचा रंग फिका करायला ब्लीच, इतर रसायने आणि भरपूर पाणी लागते. ते निळे पाणी नाल्यातून वालधुनीत जाई. वालधुनी अंबरनाथ, उल्हासनगरातून कल्याणला येऊन उल्हास नदीला मिळते. उल्हासच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. इशारा मिळाला होता. आपण कान दिला नाही.

उन्हाळ्यात प्रवाह आटला की थोडे सांडपाणीही नदीला झेपत नाही. पावसाळ्यात तीच घाण घराघरांत शिरते. २६ जुलै २००५ कल्याणकर विसरलेले नाहीत. आता थोड्या वेळात जास्त पाऊस कोसळू लागला आहे, म्हणजे धोका वाढलाच.

लहान कारखानदाराला एकट्याने शुद्धीकरणाची यंत्रणा परवडत नाही. दहा-वीस जणांनी मिळून उभारली तर जमते. पण व्यापारी बंधूंनो, धुलाईचा भाव पाडताना हा खर्च आपणच नाकारतो. नगामागे चार पैसे जास्त द्या. टाळे लागलेल्या कारखान्यात अडकलेल्या मालापेक्षा तो सौदा स्वस्तच आहे.