ताणातही सुटावे असे जोते

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या बांधीत पाणी उभे असते आणि चिखलणी करणाऱ्या दोन बैलांचे सगळे बळ एका लाकडावर येते. ते लाकूड म्हणजे जू. वशिंडापुढे मानेवर टेकणारा भाग सुतार तासून गुळगुळीत करतो, टोकांना शिवळा म्हणजे खुंट्या बसवतो. गळ्याखालून आलेल्या जोत्याचा, म्हणजे गळपट्ट्याच्या दोरीचा, फास शिवळेत अडकवला की बैल जुंपला; फास वर सरकवला की मोकळा. सरावलेला हात हे न पाहता करतो. खिळा नाही, कळ नाही. या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण बैल पडला की येते. त्याचे वजन जोत्यावर पडते, आणि ताणलेला फास शिवळेवरून निघत नाही. सोडण्याची खरी गरज असते तेव्हा जोते कधीच सैल नसते. अंबाडीची जुनी दोरी अशा वेळी तुटून तरी जाई. नायलॉन सहजी तुटत नाही. टिकाऊपणा आला, पण सुटकेची ती एक वाट बंद झाली.

बर्फावर घसरणाऱ्यांनाही हाच पेच पडला. 1937 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडचा नॉर्वेत जन्मलेला स्कीपटू यालमार व्हाम याचा पाय मोडला, आणि रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या, पण आपोआप सुटणाऱ्या बंधनाचा आराखडा केला. आज स्कीचे बंधन स्वाराचे वजन, उंची, वय पाहून लावतात. पिळा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ते बूट सोडते. स्नोबोर्डची बंधने मात्र बहुधा आपोआप सुटत नाहीत. तिथे दोन्ही पाय एकाच फळीवर असतात. एक सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर सगळा पिळा त्या एका पायावर येतो.

एका जुवाखालच्या दोन बैलांचे तसेच आहे. धानाने भरलेली खासर (बैलगाडी) उतारावर असताना एका बाजूचे जोते आपसूक सुटले, तर सगळा भार दुसऱ्या मानेवर जाईल. म्हणून जोते आपोआप सुटायला नको. ताणात असतानाही माणसाच्या हाताने सुटायला हवे. हे शक्य आहे. बिल बूथ यांनी 1970च्या दशकात पॅराशूटसाठी तीन कड्यांची जोडणी केली. प्रत्येक कडे ओढ कमी करत नेते, त्यामुळे शेवटचा बारीक फास हलक्या हिसक्याने सुटतो आणि छत्री वेगळी होते.

शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी मान्यता दिली. पटात बैल भरधाव पळतात, तिथे हा प्रश्न शेतापेक्षाही निकडीचा आहे.

गोंदियातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलांनो, हे काम तुमचे आहे. चिखलात न अडणारे, ओल्या हाताने सुटणारे, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असे जोते करा. आणि ते बैलाच्या गळ्यात घालण्याआधी वाळूच्या पोत्यांवर ताणून पाहा.